ई-सायकलचा विमा : आधी माणूस, मग सायकल

खडकीहून आम्ही बोलतोय.

आजचा विषय तुम्हीच दिलेला आहे. गटाच्या बैठकांमधून सारखा एकच प्रश्न येतोय : "ई-सायकल घेतली, आता तिचा विमा कोणता काढायचा?" दुकानदार एक सांगतो, भाऊजी दुसरंच सांगतात, आणि शेवटी ज्याचा हप्ता सगळ्यांत कमी त्या कागदावर सही होते. आम्हीही असंच केलं होतं. त्याची किंमत आमच्या गटातल्या एका ताईला मोजावी लागली. म्हणून आज जरा सविस्तर बोलणार आहोत.

खडकीला सायकल नवीन नाही. इथला दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. पाळी सुटली की सायकलींनी रस्ता भरून जायचा, असं घरातली जुनी माणसं सांगतात. त्या सायकलींचा विमा कुणी काढला नाही. चोरीला गेली तर दोन दिवस हळहळायचं आणि दुसरी जुनी घ्यायची. आताची गोष्ट वेगळी आहे. बॅटरीवरची सायकल पंचवीस-तीस हजारांपासून सुरू होते. जाड टायर, गिअर आणि पुढे शॉकअप असलेली, डोंगरवाटेवर चालणारी 'माउंटन' सायकल घेतली तर किंमत आणखी वर जाते. पुण्यातच ई-मोटोरॅडसारखी कंपनी अशा सायकली बनवते. मावळ-मुळशीच्या वाड्यांवरून डांबरी रस्त्यापर्यंत चढ-उतार करणाऱ्या बाईला ती खरोखर सोयीची आहे. पण एवढे पैसे हातात नसतात, म्हणून गटाचं अंतर्गत कर्ज निघतं. सायकल गेली तरी कर्ज जात नाही. विम्याचा विचार इथून सुरू होतो.

आता त्या ताईची हकीकत. त्या औंधला तीन घरी स्वयंपाकाला जातात. गटाकडून कर्ज घेऊन त्यांनी ई-सायकल घेतली. विमा काढायचं ठरलं तेव्हा आम्हीच एका एजंटाकडून कागद आणला. घरातल्या वस्तूंची पॉलिसी होती, तीत सायकल घालून मिळाली. वर ठळक अक्षरात 'चोरीपासून संरक्षण' लिहिलेलं. आम्ही हप्ता पाहिला आणि सही करा म्हणालो. ताई रोज बॅटरी काढून घरात न्यायच्या आणि सायकल चाळीच्या जिन्याखाली ठेवायच्या. एका रात्री सायकल गेली. दावा केला, तर कंपनीचं पत्र आलं : पॉलिसी घरफोडीची आहे, कुलूप किंवा दार फोडल्याची खूण नाही, म्हणून भरपाई मिळणार नाही. त्या दिवशी ताई आम्हाला एवढंच म्हणाल्या, "ताई, तुम्हीच सांगितलं होतं ना, चोरीचा विमा आहे म्हणून?" त्यांचे अकरा हप्ते फेडायचे राहिले होते.

पत्र वाचून आधी राग आला. मग पॉलिसी उघडून वाचली. अट खरंच तशी होती. विम्याच्या भाषेत चोरी आणि घरफोडी हे दोन वेगळे शब्द आहेत. एका व्यापाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये हेच सांगितलं की, पॉलिसीत बळजबरीने आत शिरण्याची अट असेल तर नुसत्या चोरीला भरपाई मिळत नाही. म्हणजे चूक वाचण्यात झाली होती, आणि ती आमची होती. तेव्हापासून आमच्या गटात पॉलिसी घेण्याआधी पाच प्रश्न विचारतो. तेच आज तुमच्यापुढे मांडतो.

पहिला प्रश्न : ही कायद्याने सायकल आहे की वाहन?

आपल्याकडे बॅटरीवर चालणाऱ्या सगळ्याच दुचाकींना लोक 'ई-बाईक' म्हणतात. कायदा मात्र फरक करतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणे मोटरची शक्ती पाव किलोवॅटच्या, म्हणजे २५० वॅटच्या आत हवी. वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत हवा. बॅटरी सोडून वजन ६० किलोपेक्षा जास्त नको. ब्रेक नीट हवेत आणि उजेड पडला की चमकणारे रिफ्लेक्टर हवेत. हे सगळं जुळलं तर ती मोटार वाहन धरली जात नाही. मग नोंदणी, लायसन्स आणि सक्तीचा विमा यांतलं काहीच लागत नाही. पॅडल मारल्यावर मोटरची मदत मिळणारी सायकल असेल, तर पॅडल थांबलं किंवा वेग २५ वर गेला की मोटर आपोआप बंद झाली पाहिजे. विकत घेताना दुकानदाराला विचारा : पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र आहे का?

यापेक्षा जास्त ताकदीची किंवा वेगाची गाडी म्हणजे मोटार वाहन. तिला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. नसला तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे ३ किलोवॅटपर्यंतच्या विजेच्या दुचाकीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला ४५७ रुपये आणि नव्या गाडीचा पाच वर्षांचा एकदम २,४६६ रुपये आहे. कर वेगळा.

इथे एक धोका आहे. काही मेकॅनिक म्हणतात, "ताई, थोडे पैसे द्या, वेग वाढवून देतो." पोरं तर हौसेने करून घेतात. त्या क्षणी आपली सायकल कायद्याने वाहन होते, आणि तेही बिननोंदणीचं, बिनविम्याचं. अपघात झाला तर सायकल म्हणून काढलेला विमाही हात वर करणार. २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन विभागाने अशा वेग वाढवलेल्या ई-बाईकविरुद्ध मोहीमही घेतली होती. म्हणून घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा.

दुसरा प्रश्न : चालवणारीचं काय?

आपण सायकलीचा विमा आधी विचारतो आणि स्वतःचा विसरतो. सायकल गेली तर चाळीस हजार जातात. घरातली कमावती बाई पडली तर घरच बसतं. म्हणून सगळ्यांत आधी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०, बँकेत किंवा पोस्टात बचत खातं, आणि वर्षाला फक्त २० रुपये. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. दोन्ही डोळे, दोन्ही हात किंवा दोन्ही पाय कायमचे निकामी झाले, किंवा एक डोळा आणि एक हात वा पाय गेला, तरीही २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे. मे महिन्याच्या शेवटी पैसे आपोआप कापले जातात. तेव्हा खात्यात २० रुपये नसले तर विमा बंद पडतो. किती जणींचा असा बंद पडलाय, ते पासबुक पाहिल्यावरच कळतं.

पण ही योजना काय देत नाही तेही समजून घ्या. हाताचं हाड मोडलं, प्लास्टर घातलं, महिनाभर काम बुडालं, तर यातून काही मिळत नाही. दवाखान्यात भरती व्हावं लागलं तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. मात्र योजनेतल्या रुग्णालयात आणि यादीतल्या उपचारांसाठीच. आपल्या जवळचं असं रुग्णालय कोणतं, ते आजच विचारून ठेवा. बुडालेल्या मजुरीसाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी असते. ती घेताना 'तात्पुरत्या अपंगत्वात आठवड्याला किती' एवढं विचारा.

तिसरा प्रश्न : समोरच्याचं काय?

ई-सायकलचा आवाज येत नाही. उतारावर एखादं म्हातारं माणूस आडवं आलं आणि धडक बसली, तर कायदा 'ही सायकल होती' म्हणून आपल्याला सोडत नाही. विमा सक्तीचा नाही, पण चूक आपली असेल तर भरपाईची जबाबदारी आपलीच. म्हणून सायकलीची पॉलिसी घेताना विचारा : तिसऱ्या व्यक्तीला इजा झाली तर भरपाई यात आहे का, आणि किती रुपयांपर्यंत? याला पॉलिसीत 'वैयक्तिक दायित्व' किंवा 'तृतीय पक्ष दायित्व' म्हणतात. जर्मनीतही २५ किलोमीटरपर्यंतची, पॅडल मारून चालणारी ई-सायकल सायकलच धरतात आणि ४५ किलोमीटर वेगाच्या सायकलीला विम्याची पाटी लावावी लागते. म्हणजे वेग वाढला की दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी वाढते, हा हिशेब सगळीकडे सारखाच आहे.

चौथा प्रश्न : सायकलीचं नेमकं कोणतं नुकसान भरून मिळणार?

इथे घाई करू नका. पॉलिसीत 'वगळलेल्या बाबी' असा भाग असतो. आधी तो वाचा, मग पहिलं पान.

चोरी : घरफोडी की साधी चोरी, ते लेखी विचारा. सायकल कुठे ठेवलेली असली तर चालेल? अंगणात, गोठ्याशेजारी, बाजारात? खांबाला किंवा झाडाला साखळीने बांधलेलीच हवी का? घराच्या विम्यावर विसंबू नका. २०२१ पासून सगळ्या कंपन्यांकडे 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी मिळते. आग, पूर, भूकंप यांसाठी ती चांगली आहे. पण तिच्या मूळ स्वरूपात चोरीची भरपाई फक्त अशी आपत्ती येऊन गेल्यावर, तिच्यामुळे आणि सात दिवसांच्या आत झालेल्या चोरीला आहे. एरवीच्या रात्रीच्या चोरीला नाही.

बॅटरी : सायकलीतला सगळ्यांत महाग भाग हाच. नुसती बॅटरी चोरीला गेली तर भरपाई आहे का? चार्जिंग करताना पेटली तर? पुराच्या पाण्यात बुडाली तर? २०२४ च्या जुलैत पुण्यात नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं होतं, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा राहिलेला नाही. एक मात्र लक्षात ठेवा. बॅटरी जुनी होऊन कमी चालायला लागली तर ते विम्यात येत नाही, ते कंपनीच्या वॉरंटीत बघायचं. बनवण्यातला दोष वॉरंटीत येतो आणि अचानक आलेलं संकट विम्यात येतं. पंक्चर, चेन आणि ब्रेकचे रबर दोन्हींत येत नाहीत, ते आपल्या खिशातून.

वापर : बहुतेक स्वस्त पॉलिसी 'खासगी वापरासाठी' असतात. आपण डबे पोचवतो, दूध घालतो, किंवा पर्यटकांना सायकल भाड्याने देतो, तर तो धंदा झाला. हे लपवून विमा घेतला तर दाव्याच्या वेळी उघडं पडतं. माउंटन सायकल असेल तर आणखी एक विचारा : कच्च्या वाटेवर, डोंगरउतारावर पडून मोडली तर चालेल का? शर्यती आणि डोंगरातली साहसी सवारी वगळलेली असू शकते. आपली पायवाट ही साहस नव्हे, रोजचा रस्ता आहे. पण तसं कागदावर असलं पाहिजे.

रक्कम : विमा पूर्ण किमतीचा काढा. चाळीस हजारांची सायकल वीस हजारांची दाखवली तर हप्ता वाचतो, पण पॉलिसीत 'सरासरीची अट' असेल तर दहा हजारांच्या नुकसानीला पाचच हजार मिळतात. मग घसारा. मोटार विम्यात तो असा धरतात : एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५० टक्के. सायकलीच्या पॉलिसीत तक्ता वेगळा असू शकतो, तो मागून घ्या. बॅटरीचा घसारा वेगळा विचारा. आणि दर दाव्यात 'आपला वाटा' किती, म्हणजे सुरुवातीची किती रक्कम आपण सोसायची, तेही.

एक उदाहरण करून बघू. समजा सायकल ४०,००० ची, घसारा वरच्याच तक्त्याप्रमाणे आणि आपला वाटा २,०००. दीड वर्षाने चोरीला गेली तर २० टक्के घसारा जाऊन ३२,००० आणि आपला वाटा वजा करून ३०,००० हातात येतील. साडेतीन वर्षांनी गेली तर ४० टक्के जाऊन २४,००० आणि वाटा वजा करून २२,०००. तेव्हा दरवर्षी नूतनीकरण करताना विचारा, "मिळणारी रक्कम घटली, तर हप्ता का नाही घटला?" आमच्या गटाने एक साधा नियम केलाय. सायकलीवर कर्ज आहे तोवर विमा हवाच. कर्ज फिटलं की त्या बाईने आपल्या ऐपतीप्रमाणे ठरवावं. हवं तर हप्त्याएवढी रक्कम दरमहा बाजूला टाकावी.

पाचवा प्रश्न : पैसे कुणाच्या हातात येणार?

बिल कुणाच्या नावावर, पॉलिसी कुणाच्या नावावर, आणि चालवतं कोण? बऱ्याचदा बिल नवऱ्याच्या नावावर, कर्ज बाईच्या नावावर आणि सायकल पोरगा चालवतो. दावा अडकायला एवढं पुरे. बिल आणि पॉलिसी एकाच नावावर हवी, आणि ते नाव कर्ज घेणाऱ्या सभासदाचं. घरातलं दुसरं कुणी चालवणार असेल तर तेही कळवा. सायकल गटाच्या मालकीची असेल तर पॉलिसी गटाच्या नावावर. आणि कर्ज देतानाच इतिवृत्तात ठराव लिहा : विम्याचे पैसे आले तर आधी उरलेलं कर्ज फिटेल, बाकी रक्कम सभासदाची. हे आधी ठरलं की नंतर बैठकीत भांडण होत नाही.

आता दाव्याबद्दल थोडं, कारण चांगली पॉलिसीही पुरावा नसेल तर लंगडी पडते. सायकल घरी आली त्याच दिवशी चौकटीवरचा नंबर, मोटरचा नंबर आणि बॅटरीचा नंबर यांचे फोटो काढा. बिल, दोन्ही किल्ल्या आणि साखळी-कुलपाचं बिलसुद्धा जपून ठेवा. चोरी झाली तर त्याच दिवशी पोलिसांत जा. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो आपला हक्क आहे. मग कंपनीला कळवा आणि तक्रार क्रमांक वहीत लिहा. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाहनचोरीच्या प्रकरणात सांगितलंय की, पोलिसांत लगेच तक्रार दिली असेल तर केवळ कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा नाकारता येत नाही. तरी आपण उशीर कशाला करायचा? मोडतोड झाली असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका.

दावा नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी जा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. पुण्यात नारायण पेठेत त्यांचं कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही. कंपनीचं शेवटचं उत्तर आल्यापासून वर्षाच्या आत मात्र जायला हवं. विमा नियामकाच्या 'बीमा भरोसा' या सेवेवर १५५२५५ या फुकट नंबरवरही तक्रार नोंदवता येते.

त्या ताईंचं पुढे काय झालं, हे तुम्ही विचारणारच. लोकपालाकडे जाण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतं, कारण अट स्पष्ट होती. गटाने ठराव करून त्यांचे हप्ते सहा महिने पुढे ढकलले आणि त्या काळाचं व्याज घेतलं नाही. सहा महिने त्या बसने औंधला गेल्या. जुनं कर्ज फिटल्यावर त्यांनी पुन्हा सायकल घेतली. या वेळी पॉलिसी आम्ही नाही निवडली, त्यांनीच निवडली. एजंट समोर बसलेला असताना त्या एकेक प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं त्याच्याकडून लिहून घेत होत्या. दोन जागी त्याला कंपनीला फोन लावावा लागला.

तेव्हा तायांनो, पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने पासबुक आणा आणि २० रुपये कापले गेलेत का ते बघा. जिच्याकडे ई-सायकल आहे तिने बिल आणि पॉलिसी आणावी. जिला वाचता येतं तिने 'वगळलेल्या बाबी' मोठ्याने वाचाव्यात, बाकीच्यांनी ऐकाव्यात. अर्धा तास जाईल. तेवढा आम्ही त्या वेळी दिला असता, तर त्या ताईंना सहा महिने बसचे धक्के खावे लागले नसते.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.